केवढ्याला पडलं?

आमच्या लहानपणी घरात नवी वस्तू आली, की ती पिशवीतून पुरती बाहेर निघण्याआधी शेजारच्या काकूंचा प्रश्न हजर असे, "केवढ्याला पडलं?" वस्तू कोणतीही असो. स्टीलचा डबा, टेरिकॉटचे कापड, भिंतीवरचे घड्याळ. उत्तर मिळाले की काकू क्षणभर वस्तूकडे बघत आणि निकाल देत. "बरं मिळालं" किंवा "चार रुपये जास्तच घेतले हो मेल्याने." हा निकाल संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत पोहोचलेला असे, आणि मग पुढचा माणूस तो डबा त्या दुकानातून चार रुपये जास्त देऊन आणत नसे. आम्हा मुलांना या चौकशीचा भारी राग येई. दुसऱ्याच्या पिशवीत डोकवायचे कशाला, असे वाटे. साठी उलटून गेल्यावर आता ध्यानात येते, की त्या काकू चालताबोलता बाजारभावाचा तक्ता होत्या आणि तो तक्ता फुकट मिळत होता.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहायला येऊन मला तीस वर्षे होत आली. आमच्या इमारतीच्या खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर रोज दुपारी पार्सलांचा ढीग लागतो. तपकिरी खोकी, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. संध्याकाळी गाडीतून उतरून रिक्षाने आलेली माणसे आपापले खोके काखोटीला मारतात, लिफ्टमध्ये शिरतात आणि दार लावून घेतात. आत काय आहे, हे कोणी विचारत नाही. केवढ्याला पडले, हे तर नाहीच नाही. तसे विचारणे आता असभ्यपणाचे मानले जाते. परिणाम असा, की एकाच इमारतीत, एकाच कंपनीचा, एकाच नमुन्याचा मिक्सर दुसऱ्या मजल्यावर ३,२०० रुपयांना आणि चौथ्या मजल्यावर ४,१०० रुपयांना आला, आणि दोघांनाही आपण स्वस्तात मिळवला असे वाटत राहिले. मला हे कळले ते गणपतीत, मोदकांच्या सारणावरून बायकांत मिक्सरची गोष्ट निघाली म्हणून.

गाडीचे उदाहरण घ्या. बदलापूर लोकलच्या महिलांच्या डब्यात क्लिपा, ओढण्या, चाकू, डबे विकणाऱ्या बायका चढतात. माझी पत्नी वर्षानुवर्षे त्या डब्यातून गेली. ती सांगते, की कुठलीही वस्तू विकणारीच्या हातातून पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत डब्यातल्या दहाजणींनी ती हाताळलेली असे. एखादी म्हणे, "उल्हासनगरला हीच ओढणी शंभराला आहे." दुसरी म्हणे, "तिथवर जायचं रिक्षाभाडं धर की." आणि कल्याण यायच्या आत तिचा वाजवी भाव ठरलेला असे. उल्हासनगर हे नाव त्या वाक्यात उगाच येत नाही. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांची ही छावणी. १९४९ साली तिची नगरी झाली. तिथल्या व्यापाऱ्यांनी कापडापासून फर्निचरपर्यंत सगळे इतक्या स्वस्तात विकायला काढले, की कर्जतपासून कल्याणपर्यंतच्या संसारांना भावाचा एक पक्का दगड मिळाला. घ्यायचे कुठूनही असो, आधी मनातल्या मनात उल्हासनगरच्या भावाशी ताडून पाहायचे. माल कसा आहे, टिकेल का, ही शंका जोडीला असायचीच. पण निदान आकडा तरी ठाऊक असायचा.

आता हातातल्या फोनवर माणूस एकटा असतो. रात्री अकरा वाजता, जेवणे उरकल्यावर, दिवा मालवून. समोर एक आकडा खोडलेला, त्याच्याखाली दुसरा ठळक, बाजूला 'सत्तर टक्के सूट' अशी लाल पट्टी आणि खाली 'फक्त दोन शिल्लक'. या खोडलेल्या आकड्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. पाकीटबंद मालावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, ही तो माल बनवणाराच ठरवतो. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे कायदा सांगतो. पण काही औषधांसारखे अपवाद सोडले, तर ती उत्पादनखर्चाच्या किती पट असावी याला कोणाचा लगाम नाही. मग ज्याने माल बनवला त्यानेच तीन हजार लिहायचे, त्यानेच खोडायचे आणि त्यानेच नऊशेला देऊन आपल्यावर उपकार करायचे. आपण एकवीसशे रुपये 'वाचवले' म्हणून खुशीत झोपतो. ते एकवीसशे कोणाच्याच खिशात कधी नव्हते.

हे आपल्या बावळटपणामुळे होते असे मात्र समजू नका. १९७४ साली ट्वर्स्की आणि कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले. ते दहावर किंवा पासष्टवर थांबेल, अशी व्यवस्था आधीच केलेली होती. मग विचारले, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? ज्यांच्यासमोर दहा आले त्यांचा अंदाज पंचविसाच्या आसपास, आणि ज्यांच्यासमोर पासष्ट आले त्यांचा पंचेचाळिसाच्या आसपास. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, हे सर्वांना दिसत होते. तरी मन त्या पहिल्या आकड्याला बांधले गेले. खोडलेली किंमत म्हणजे तेच चक्र. म्हणून मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. काही घ्यायचे असले की फोन उघडण्याआधी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहायचे, 'मिक्सर, ३,५०० पर्यंत'. पहिला आकडा आपला असावा. घरातले हसतात. हसोत.

लिहिलेला आकडा आणायचा कुठून, हा खरा प्रश्न. बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन तीच वस्तू हातात घेऊन पाहणे, हा मला अजूनही सर्वांत चांगला मार्ग वाटतो. मात्र दुकानदाराचा अर्धा तास खाऊन वस्तू शेवटी फोनवरून मागवायची, हे मला पटत नाही. दोनचारशेचा फरक असेल तर मी तिथूनच घेतो. बिघडल्यावर तोच उपयोगी पडतो आणि त्याचीही काही किंमत असतेच. वस्तूवरचा नमुन्याचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावा. बाहेरून जुळी भावंडे दिसणाऱ्या दोन यंत्रांत एकाची मोटर हलकी असते आणि क्रमांकाच्या शेपटीला एखादे अक्षर जास्त असते. डाळी-साबणात पाकिटाकडे न पाहता किलोचा भाव काढावा. बऱ्याच पाकिटांवर तो आता छापलेलाही असतो. सणाच्या सेलमधला भाव खरा उतरला आहे का, हे पाहायचे तर महिनाभर आधीपासून तो टिपून ठेवावा. जुन्या भावांचा आलेख काढून दाखवणारी संकेतस्थळेही आहेत. गेल्या काही वर्षांतला एक अनुभव सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि वातानुकूलन यंत्रे यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच आठवड्यात सणाचे सेल सुरू झाले. जाहिरातीतल्या एकूण सवलतीत सरकारने सोडलेला कर किती आणि विक्रेत्याने स्वतःच्या पदरचे सोडलेले किती, हे वेगळे काढून पाहिले तेव्हा मोठ्या अक्षरांतली सूट पुष्कळच लहान झाली.

आणि दुसऱ्याच्या फोनवर तोच भाव पाहावा. हे म्हातारपणीचे खूळ नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने टॅक्सी पुरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. एकाच प्रवासाचे भाडे फोनच्या प्रकारानुसार वेगळे दिसते, अशा तक्रारी आल्या होत्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. खरे काय ते असो. पण भावाची पाटी दुकानाच्या दारावर असताना ही शंका घ्यायची सोयच नव्हती. पाटी सगळ्यांना एकच दिसायची.

तसे पाहिले तर ही 'एकच भाव, घासाघीस करू नये' अशी पाटी काही अनादी काळापासूनची नाही. पॅरिसच्या बों मार्शे या दुकानात आरिस्तिद बूसिको यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील, ठरलेल्या किमतींची पद्धत रूढ केली, तेव्हा तिचे मोठे नवल झाले. त्याआधी बहुतेक ठिकाणी भाव तोंडीच ठरे. आपल्याकडे गुरांच्या बाजारात तो रुमालाखाली ठरे. मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते, पौष पौर्णिमेला. बैल आणि घोंगड्यांसाठी ती नावाजलेली. गुरांच्या अशा बाजारांत दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबत. किती बोटे, म्हणजे किती रुपये, हे त्या दोघांनाच कळे. बैलाचा धनी समोर उभा राहून नुसता चेहरे वाचत राही. शेतमालाच्या बाजारात असा झाकलेला सौदा नको, उघड लिलाव हवा, यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. आता आपण प्रत्येकाने आपापला रुमाल खिशात घेतला आहे आणि त्याखाली पलीकडच्या हाताची बोटे मोजतो आहोत.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. संकेतस्थळावर मालाची एमआरपी दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून सक्तीचे झाले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि पाठोपाठ ऑनलाइन व्यापाराचे नियमही आले. विक्रेत्याचे नाव-पत्ता, मालाचा मूळ देश हे त्यामुळे दाखवावे लागते आणि विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती लिहिणे बेकायदा ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, शेवटच्या पायरीला जादा शुल्क उघड करणे, हे त्यांतले. तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे, तो लावावा. मी एकदा लावला आहे आणि टोपलीत सरकवलेल्या विम्याचे ४९ रुपये परत मिळवले आहेत. एकोणपन्नास रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मुलगा म्हणाला. त्याच्या हे ध्यानात येत नाही, की समोरचाही हेच धरून चाललेला असतो.

पण हे सगळे नियम व्यापाराला. एखादा माणूस घरची जुनी वस्तू व्यक्तिशः विकायला काढतो, तेव्हा ऑनलाइन व्यापाराचे ते नियम त्याला लागू होत नाहीत. तसे त्यांतच म्हटले आहे. तिथे एमआरपी नाही, परत घेण्याची हमी नाही, तुलनेला दुसरी तशीच वस्तू नाही. तिथे तुमची जाण आणि चारजणांना विचारलेले, एवढीच पुंजी. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींवर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीत काय बिघडले आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या गाडीचा मालक निघून जातो. आणि बाजारात उरतात त्या खटारा.

बदलापुरात याचे प्रत्यंतर जुन्या फ्रिजमध्ये येते. २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदी फुगली, दुसऱ्या दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात तळमजल्याच्या घरांत पाणी शिरले. त्यानंतर कित्येक महिने फ्रिज आणि धुलाईयंत्रे जाहिरातींत स्वस्तात दिसू लागली. पुसून लख्ख केलेली, छायाचित्रांत नवीकोरी. त्या दिवसांत जुना फ्रिज घ्यायला जाणारा आमच्याकडचा माणूस पहिला प्रश्न भावाचा विचारत नसे. तो विचारी, "आपण कितव्या मजल्यावर?" अकरलॉफ यांचा अख्खा निबंध त्या एका प्रश्नात बसतो.

आणखी एक. वस्तू न पाहता कोणी आगाऊ पैसे मागितले, बदली झाली म्हणून घाईने विकतो असे सांगितले, किंवा तुम्हीच विकत असताना पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका असे म्हटले, तर तिथेच थांबावे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ही फसवणूक शिकल्यासवरल्यांचीही झालेली मी पाहिली आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो. नातीला पेटी शिकवायची ठरले. नव्या पेटीचे भाव ऐकून मी कॅलेंडरमागे लिहिले, 'पेटी, जुनी, ८,००० पर्यंत'. फोनवर अंबरनाथची एक जाहिरात दिसली. जुनी पेटी, ४,५०० रुपये. छायाचित्र अंधुक. आमच्या भजनी मंडळातल्या बुवांना बरोबर घेतले आणि पूर्वेला त्या पत्त्यावर गेलो. घरात पंचाहत्तरीच्या आजी एकट्या. यजमान गेल्या वर्षी वारले, पेटी त्यांची. जाहिरात पुण्याच्या मुलाने टाकलेली.

बुवांनी झाकण काढले, सगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवून भाता भरला आणि तो आपणहून किती वेळात बसतो हे पाहिले. वारा धरत होता. खर्ज-नर, दोन ओळींची पेटी, सागवानी, जुने पितळी सूर. दोन सूर उतरलेले, भात्याचे कातडे एका कोपऱ्यात फाटलेले. बुवांनी माझ्याकडे पाहिले. खाली जिन्यात येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "सूर लावून घेतले तर आज पंधरा हजारांना कोणीही नेईल. दुरुस्तीला तीन धरा. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी त्या जिन्यात बराच वेळ उभा होतो. खोटे कशाला सांगू, साडेचार हजार मोजून पेटी रिक्षात टाकावी, असे अर्धे मन म्हणत होते. जाहिरात तिच्या मुलाने टाकली, भाव त्याने ठरवला, मी कुठे घासाघीस केली? अकरलॉफच्या गोष्टीत विकणारा जाणता आणि घेणारा आंधळा; इथे उलटे होते. त्या मुलाने फोनवरच्या नव्या, हलक्या, एका ओळीच्या पेट्या पाच-सहा हजारांना पाहिल्या असणार आणि जुनी म्हणून हजार कमी केले असणार. त्याला विचारायला शेजारच्या काकू नव्हत्या. मिक्सरवर नऊशे रुपये जास्त गेले म्हणून मी ज्या बाजाराला नावे ठेवत होतो, त्यात आज माझी बाजू वरची होती, एवढाच फरक.

वर जाऊन आजींना सांगितले. त्यांना आधी कळेचना. "मुलानं साडेचार लिहिलंय ना, मग तेवढेच द्या," हेच त्या म्हणत राहिल्या. त्यांना वाटले, मी काहीतरी निराळेच सुचवतो आहे. शेवटी मुलाला फोन लावून दिला आणि बुवांनी त्याला पेटी समजावून सांगितली. मुलगा प्रथम संशयाने बोलत होता, आणि ते बरोबरच होते. जास्त पैसे देऊ करणाऱ्या अनोळखी माणसापासून सावध राहावे, हेच तर आपण मुलांना सांगतो. मी म्हटले, दुसऱ्या कोणाला दाखवून पाहा, मी थांबतो. त्याने दादरच्या एका दुकानात चौकशी केली. आठ दिवसांनी फोन आला. घरपोच नेणार असाल तर दहा हजार, म्हणाला. दुकानदार नऊ देत होता. आठ हजारांचा माझा पेन्सिलीचा आकडा मोडला. दुरुस्तीसह तेरा हजार झाले. पत्नीने कॅलेंडर उलटून पाहिले आणि काही न बोलता परत लटकवले.

निघताना आजींनी भात्यावरून एकदा हात फिरवला आणि पेटीवर घालायचे मखमली कापड घडी करून दिले. त्याचे पैसे सांगितले नाहीत.

मांजर्लीत रिक्षातून पेटी उतरवत होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका खाली आले. कित्येक वर्षांनी कोणीतरी तो प्रश्न विचारला, "केवढ्याला पडली?"

"दहा," मी म्हटले.

"फसलात," काका म्हणाले. "मी फोनवर पाहिली होती ती जाहिरात. साडेचारची होती."